टक, टकटक आणि शांतता

गाडी सुरू झाली नाही की माणूस पुन्हा चावी फिरवतो. मग तिसऱ्यांदा, जरा जोर लावून. चावीला जोर लावून काही होत नसतं हे त्यालाही ठाऊक असतं. तोवर सोसायटीचा वॉचमन जवळ येतो, पेपरवाला सायकल थांबवतो आणि ‘बॅटरी गेली’ असा निकाल एकमताने लागतो. नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते. दहा-बारा दिवसांनी तीच गाडी त्याच जागी पुन्हा मुकाट उभी असते आणि मग बॅटरीच्या दुकानदाराशी वॉरंटीवरून भांडण सुरू होतं.

या प्रकारात बॅटरी आरोपी कमी आणि बळी जास्त असते. तिला रोज भरणारं यंत्र आळसावलेलं असेल, रात्री कुणी तिचा करंट चोरत असेल किंवा तिच्यापासून सेल्फपर्यंतचा रस्ताच खराब असेल, तर नवी बॅटरी फक्त काही दिवसांची मुदत विकत घेऊन देते. म्हणून पाकिटात हात घालण्याआधी कान आणि डोळे वापरावेत. चावी फिरवल्यावरच्या दोन सेकंदांत गाडी बरंच काही सांगून टाकते.

आधी एक छोटा हिशेब मांडू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना साधारण १०० ते १५० अँपिअर करंट ओढतो. अगदी पहिल्या झटक्याला त्याहून कितीतरी जास्त. डिझेल इंजिनात हवेचा दाब जास्त, म्हणून तिथला आकडाही मोठा. याउलट हॅलोजनचे दोन्ही हेडलाइट मिळून दहा अँपिअरच्या आसपास घेतात. आता समजा, बॅटरीच्या टर्मिनलवरचा जोड सैल आहे आणि तिथे एका ओहमचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ ओहम एवढाच अडथळा तयार झाला आहे. हेडलाइटचे दहा अँपिअर तिथून जाताना ०.२ व्होल्ट कमी होतात. डोळ्यांना फरक कळणारही नाही. सेल्फचे १५० अँपिअर तिथून जायला निघाले की मात्र त्या एका जोडावरच ३ व्होल्ट सांडतात. बारातले तीन तिथेच गेले, शिवाय भार आल्यावर बॅटरी स्वतःही थोडी दबते. सेल्फच्या हाती जे उरतं त्यावर तो कुंथतो किंवा हलतच नाही. ‘लाइट तर लख्ख लागतायत, मग बॅटरी कशी खराब?’ आणि ‘बॅटरी तर चांगली आहे, मग सेल्फ का फिरत नाही?’ या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या हिशेबात आहे.

तेव्हा पहिली चाचणी बिनखर्चाची. अंधारात किंवा भिंतीसमोर हेडलाइट लावा, भिंतीवरच्या उजेडाकडे बघत चावी फिरवा. उजेड एकदम मावळला आणि सेल्फ फिरला नाही, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवरचा जोड कच्चा आहे. उजेड तसाच कायम राहिला आणि सेल्फ गप्प, तर सेल्फने करंट मागितलाच नाही किंवा त्याच्यापर्यंत तो पोचला नाही. बॅटरी बदलून काही होणार नाही. उजेड थोडा मंद झाला आणि इंजिन नेहमीसारखं गरागरा फिरलं, पण सुरू झालं नाही, तर सेल्फ-बॅटरीला सोडून द्या, दोष पेट्रोल किंवा स्पार्कच्या बाजूला आहे.

आता आवाज. सेल्फच्या अंगावर एक छोटं नळकांडं असतं, ते सोलेनॉइड. त्याची कामं दोन. सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवायचं आणि त्याच हालचालीत तांब्याचे दोन जाड संपर्क जुळवून मोटरला बॅटरीचा पूर्ण करंट द्यायचा. बॅटरी कमजोर असेल तर काय होतं पाहा. सोलेनॉइड ओढला जातो, संपर्क जुळतात, मोटर भसकन करंट मागते, बॅटरीचा व्होल्ट कोसळतो. व्होल्ट कोसळल्यावर सोलेनॉइडची पकड सुटते, संपर्क तुटतात, भार गेल्यामुळे व्होल्ट परत वर येतो आणि सोलेनॉइड पुन्हा ओढला जातो. सेकंदाला अनेकदा हे चक्र चालतं आणि आपल्याला टकटकटकटक ऐकू येतं. शाळेतली विजेची घंटा अशाच जोड-तोडीवर वाजते. ही टकटक म्हणजे उतरलेली बॅटरी किंवा कच्चा जोड, दहापैकी नऊ वेळा.

एकच ठसठशीत ‘टक’ आणि मग काही नाही, ही गोष्ट वेगळी. सोलेनॉइडने आपलं काम केलं, मोटर फिरली नाही. त्याचे तांब्याचे संपर्क जळलेले असतील, मोटरचे कार्बन झिजून कम्युटेटरपर्यंत पोचत नसतील किंवा जाड केबलचा जोड कुजलेला असेल. जुने ड्रायव्हर अशा वेळी जॅकच्या दांड्याने सेल्फच्या अंगावर दोन-चार हलक्या टिचक्या मारायचे आणि गाडी सुरू व्हायची. ती जादू नव्हती. अडकलेला कार्बन हादऱ्याने खाली सरकतो आणि पुन्हा संपर्क करतो. तेवढ्यावर घरी पोचता येतं, पण सेल्फ उतरवून कार्बन बदलून घ्यायची ती चिठ्ठीच समजायची.

सेल्फ घुर्रर करून मोकळाच फिरतो आणि इंजिन हलत नाही, तर पुढे जाणारं दातेरी चाक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत बेंडिक्स, घसरतंय.

आणि शांतता. डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा लागत नसतील तर बॅटरी पार रिकामी आहे किंवा टर्मिनल निसटलंय. दिवे सगळे व्यवस्थित, पण चावी फिरवल्यावर चिमणीएवढाही आवाज नाही, तर सोलेनॉइडला हुकूम पोचत नाहीये. इथे लोक फार लवकर घाबरतात. बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही आणि फूटमॅट सरकून पेडलखाली गेलं तरी तो पूर्ण दाबला जात नाही. ऑटोमॅटिकमध्ये गिअर पी किंवा एन वर लागतो; पी वर दाद देत नसेल तर एन वर टाकून बघावं, स्विच झिजला असेल तर असं चालून जातं. बटण-स्टार्ट ऑटोमॅटिकमध्ये आणखी एक गंमत आहे: ब्रेक दाबलाय हे गाडीला ब्रेकलाइटच्या स्विचवरून कळतं. तो दहा मिनिटांत बदलता येण्याजोगा स्विच बिघडला की ब्रेकलाइट लागत नाहीत आणि गाडीही सुरू होत नाही. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकलाइट लागतो का एवढं विचारलं तर टोइंगचा खर्च वाचू शकतो. चावीतला सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांत चावीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबता येतं. टेकवायची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून गाडीचं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये असावं, घरच्या कपाटात नव्हे.

कान झाले, आता मीटर. तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असावा असं माझं मत आहे. सुगंधी कापूर आणि सीटकव्हरवर आपण त्याहून जास्त उधळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी, काही सुरू न करता, मीटर लावायचा. १२.६ व्होल्ट किंवा त्याहून जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. म्हणजे ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवतेय, उत्तम’ असं म्हणणारा तीन-चतुर्थांश रिकाम्या बॅटरीला उत्तम म्हणत असतो. आत सहा खाने असतात आणि शिशाच्या प्रत्येक खान्याचा दाब २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण आकडा १२.६ येतो. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधलेली ही शिसं आणि गंधकाम्लाची जोडी अजून हटलेली नाही.

नुसता उभा व्होल्ट मात्र फसवू शकतो. खरी परीक्षा सेल्फ मारताना होते: मीटर बॅटरीवर लावलेला असताना दुसऱ्याने चावी फिरवायची. आकडा साडेनऊच्या खाली गेला तर, बॅटरी आधी भरलेली असल्यास, तिची ताकद संपत आली आहे. सकाळी १२.६ आणि सेल्फ मारताना ७, अशी बॅटरी चार्ज करून देणारा दुकानदार तुमचे पैसे घेतोय एवढंच.

आपल्याकडे बॅटरीला मारते ती उष्णता. दोष मात्र थंडीवर जातो, कारण निफाडला पारा उतरला की सकाळी गाड्या रुसतात. खरं तर बॅटरीच्या आतल्या प्लेटा कुजण्याचं आणि पाणी उडण्याचं काम उन्हाळ्यात होऊन गेलेलं असतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने चालतात असा ढोबळ नियम आहे. चंद्रपूर-नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत, बॉनेटच्या आत, इंजिनाशेजारी तिचं काय होत असेल याचा अंदाज करा. थंडीत तेल दाट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, बॅटरीची ताकद गारठ्याने घटते आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान डिसेंबरात उघडं पडतं. विदर्भात बॅटरी तीन-साडेतीन वर्षं चालली तर तिने नोकरी इमानाने केली असं समजावं.

पाणी घालता येणारी बॅटरी असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं नाही आणि ॲसिड तर मुळीच नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. सीलबंद बॅटरीवरचा तो हिरवा डोळा सहापैकी एकाच खान्यात बघत असतो, म्हणून त्याच्यावर फार विसंबू नये.

पण रस्त्यात अडकलेल्या कित्येक गाड्यांचं दुखणं बॅटरीच्या आत नसतं, ते तिच्या टर्मिनलवर किंवा अर्थिंगमध्ये असतं. टर्मिनलवर पांढरा-हिरवट भुगा जमला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून तो फेस यायचा थांबेपर्यंत धुवायचा, पोस्ट आणि क्लॅम्प आतून पॉलिश पेपरने चकचकीत करायचे, घट्ट आवळायचे आणि मग वरून व्हॅसलीन लावायचं. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणं हे उलट झालं. क्लॅम्प हाताने फिरला तर तो सैल आहे, पान्याने आवळलेला असला तरी. सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. नाहीतर पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की डोळ्यांसमोर ठिणग्यांचा भुईनळा उडतो. हातातली अंगठी, धातूचं घड्याळ, बांगडी आधी काढावी. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण पाना आणि पोस्ट यांच्यामध्ये सापडलेली अंगठी क्षणात लालबुंद होते.

अर्थिंगचं प्रकरण जास्त मजेदार आहे. गाडीत करंट जाण्यासाठी वायरी दिसतात. परत येण्यासाठी मात्र गाडीचा पत्राच वापरलेला असतो. जितका करंट जातो तितकाच परत यायला हवा आणि लोक फक्त जाण्याची वाट तपासतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते बॉडीपासून तुटलेलं आहे. त्याला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी केबल किंवा जाळीदार पट्टी असते. कोकणातल्या खाऱ्या हवेत, समुद्राजवळच्या पार्किंगमध्ये ती पट्टी हिरवी होऊन कुजते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. मग शे-दीडशे अँपिअर परत यायला वाट शोधतात. जुन्या गाड्यांत ती वाट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून सापडायची. केबल तापायची, तिचं प्लॅस्टिक वितळायचं, कधी धूर निघायचा आणि मेकॅनिक केबल बदलत बसायचा. ‘सेल्फ उतरवावा लागेल, साहेब,’ असं ऐकू आलं की ‘काका, आधी अर्थिंग बघता का?’ एवढं विचारायला हरकत नसते. चांगला वायरमन रागावत नाही.

बघायचं कसं तेही सोपं आहे. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर लावा. क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशाच्या पोस्टवर. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा राहिला तर अर्थिंग ठीक. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर त्या वाटेत कुठेतरी कुजलेला जोड आहे. हीच युक्ती पॉझिटिव्हच्या बाजूला: पोस्टपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, अर्ध्या व्होल्टच्या आत. ओहमवर ठेवलेला मीटर हा दोष दाखवत नाही, कारण शंभरातला एकच धागा शाबूत असलेली केबलसुद्धा मीटरच्या इवल्याशा करंटला पुरून उरते. जोडाची परीक्षा भाराखालीच होते.

अर्थिंगचाच एक धाकटा नमुना रस्त्यावर रोज दिसतो. पुढच्या गाडीने ब्रेक मारला की तिच्या एका बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो किंवा ब्रेकलाइट लागायच्या ऐवजी टेललाइट मंद होतो. त्या टेललॅम्पची अर्थ वायर गेलेली असते. ब्रेकच्या बल्बमधून आलेल्या करंटला घरी जायची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा शिरतो, तिथून दुसऱ्या बाजूच्या दिव्यांकडे जाऊन अर्थ गाठतो आणि वाटेतले सगळे अर्धवट पेटवत जातो. विजेचे चित्रविचित्र, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोष एकाच वेळी दिसू लागले, म्हणजे हॉर्न दाबला की वायपर थरथरतो वगैरे, तर वेगवेगळ्या वस्तू बदलू नयेत, त्या सगळ्यांची अर्थ कुठे एकत्र येते ते शोधावं.

सेल्फ गरागरा फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, या प्रकाराला वेगळं पुस्तक लागेल, म्हणून इथे थोडक्यात. इग्निशन ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद ‘घूं’ असा पंपाचा आवाज यायला हवा. नाही आला तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा. हॉर्नचा रिले बहुतेक वेळा तशाच मापाचा असतो, दोघांची अदलाबदल करून लगेच कळतं. जुन्या सीएनजी किटवाल्यांना खास सूचना: पेट्रोलचा काटा कायम तळाला ठेवणं ही बचत नव्हे. पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात. कोरडा पंप जळला की तीन महिन्यांची गॅसची बचत एका दुपारी संपते. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल आणि गाडी सुरू होऊन क्षणात बंद पडत असेल तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून बघा. गरम असताना बंद केली की सुरू होत नाही, अर्ध्या तासाने निवली की होते, अशी तक्रार असेल तर क्रँक सेन्सर संशयित. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावं. सेल्फची मोटर थोड्या वेळासाठीच बनवलेली असते.

गाडी सुरू झाली की मीटरवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. हे अल्टरनेटरचं काम, ज्याला आपले मेकॅनिक अजून डायनॅमोच म्हणतात. आकडा बाराच्या घरातच राहिला तर बॅटरी भरत नाहीये आणि हीच ती गाडी जिला दर महिन्याला नवी बॅटरी लागते. आकडा पंधराच्या पुढे सतत राहिला तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय. काही नव्या गाड्यांत संगणक मुद्दाम व्होल्ट कमी-जास्त करतो, तिथे सगळे दिवे, एसी, ब्लोअर लावून बघावं. चालू गाडीची बॅटरी काढून ‘बघा, बंद पडली नाही, म्हणजे डायनॅमो चांगला’ असं सिद्ध करणारे उस्ताद अजून आहेत. खऱ्या डायनॅमोच्या काळात ते खपून जायचं. आता बॅटरी सुटताच व्होल्ट क्षणभर प्रचंड उसळतो आणि इंजिनचा संगणक जळू शकतो. त्यांना हात जोडून थांबवावं.

रात्रीच्या चोरीचा हिशेब बघू. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, चावी ओळखणारा भाग जागे असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च चालण्यासारखा. तेवढा खर्चसुद्धा दिवसाला १.२ अँपिअर-तास होतो. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी अशाने महिन्याभरात कोरडी पडते. सेल्फ मारण्याची ताकद तर पंधरा-वीस दिवसांतच जाते. परदेशी मुलाकडे दोन महिने राहून आलेल्या आजी-आजोबांची गाडी का सुरू होत नाही याचं उत्तर हेच. डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर दिवसाला दहा अँपिअर-तास. त्यात बाहेरून लावलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, मोठ्या पडद्याचा टेप, ज्याची वायर घाईत थेट बॅटरीवर मारलेली असते.

‘दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो’ हा उपाय फारसा उपयोगाचा नाही. एकदा सेल्फ मारायला बॅटरीतून जेमतेम ०.०८ अँपिअर-तास जातात, ते लगेच भरून निघतात. पण आठवड्याचे आठेक अँपिअर-तास खर्च झालेत आणि जागेवर उभ्या इंजिनात पाच मिनिटांत एखादाच परत जमा होतो. पाऊण तास चालवून आणा, नाहीतर लांब गावी जाताना निगेटिव्ह काढून ठेवा. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि मग ती पूर्ण भरतच नाही. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक सोसायट्यांतल्या गाड्या अशाच बसल्या.

चोर पकडायचा तर गाडी बंद करून, कुलूप लावून, आतले संगणक झोपेपर्यंत अर्धा-पाऊण तास थांबा. मग फ्यूज न उपटता प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर मिलिव्होल्टवर लावत जा. ज्यातून करंट वाहतोय त्याच्यावर आकडा दिसेल, बाकीचे शून्य. फ्यूज उपटत बसलं तर झोपलेले संगणक पुन्हा जागे होतात आणि हिशेब बिघडतो. आणि फ्यूज उडाला म्हणून दहाच्या लाल फ्यूजजागी तिसाचा हिरवा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी कधीही नाही. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. मोठा लावला की फ्यूज वाचतो आणि गाडी पेटते.

पावसाळ्यात यात उंदरांची भर पडते. उबदार, कोरडं, निवांत बॉनेट त्यांना आवडतं आणि त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने काहीतरी कुरतडावंच लागतं. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या यांचे दोन-चार दिवस बरे जातात. त्यापेक्षा कचरापेटीपासून दूर पार्किंग आणि एक-दोन दिवसांआड बॉनेट उघडून बघणं जास्त कामी येतं. तुटलेली सेन्सरची वायर पिळून टेप गुंडाळली तर पुढच्या पावसात ती पुन्हा दगा देते. तिथे डाखच हवा.

ढकलून सुरू करण्याचे दिवस मात्र सरत चाललेत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला, त्याआधी हॅण्डल मारताना इंजिन उलटा झटका द्यायचं आणि मनगटं मोडायची. आपल्या ॲम्बेसेडर आणि फियाटमध्ये हॅण्डलची सोय पुढे कित्येक वर्षं राहिली. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हॅण्डल धरायचं, हे तेव्हा शिकवलं जायचं. आजही गिअरच्या पेट्रोल गाडीला इग्निशन ऑन, दुसरा गिअर, धक्का आणि क्लच सोडला की काम होतं, पण बॅटरीत पंप आणि संगणक चालवण्याइतका जीव हवा. ऑटोमॅटिकला धक्का देऊन उपयोग नाही.

म्हणून जंपर केबल ठेवावी, जाड तांब्याची. लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं लाल चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं काळं बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीवर हायड्रोजन असू शकतो, म्हणून ते टोक लांब. काही मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. काढताना याच्या उलट क्रमाने.

एका प्रसंगात मात्र चावी फिरवायचीच नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तशी वेळ आली आणि गाडी पाण्यात बंद पडली, तर ती सुरू करून बघायचा मोह आवरा. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही. दाबला जातो तो कनेक्टिंग रॉड, आणि वाकतो. सुखरूप हात पोचत असेल तर निगेटिव्ह काढा, गाडी टो करून न्या, एअर फिल्टर ओला आहे का आणि ऑइल दुधाळ झालंय का ते आधी बघायला लावा. विम्याच्या साध्या पॉलिसीत पाण्याने गेलेलं इंजिन बहुधा बसत नाही. त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. अशा गाडीच्या सॉकेटांत शिरलेलं पाणी काही महिन्यांनी हिरवा गंज होऊन बाहेर येतं, तेव्हा सुकली म्हणजे सुटली असं धरू नका.

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर या सगळ्यातून सुटका झाली असं वाटणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. तिच्यात सेल्फ नाही, पण बारा व्होल्टची छोटी बॅटरी बहुतेक गाड्यांत आहेच. शेकडो व्होल्टची मोठी बॅटरी जोडणारे जाड संपर्क तिच्याच जोरावर बंद होतात; ती उतरली की पडद्यावर ऐंशी टक्के चार्ज दाखवणारी गाडी दुसऱ्या दिवशी दारसुद्धा उघडत नाही. दार उघडण्यासाठी चावीच्या आत लपवलेली साधी धातूची चावी कुठे लागते ते आधीच शोधून ठेवा, नारिंगी केबलींना हात लावू नका आणि त्या छोट्या बॅटरीवरचा महिना-वर्षाचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा निघाला तर सर्व्हिसिंगला ती तपासून घ्या. न सांगता बहुधा कुणी बघत नाही.